जुन्या लैंगिक अत्याचाराचा आरोप झाला तर: सोलापुरात कायदेशीर बचाव कसा उभा करायचा

२०२२च्या पावसाळ्यात एक निवृत्त शिक्षक दोन पिशव्या घेऊन माझ्या ऑफिसात आले. (ओळख पटू नये इतके तपशील मी बदलले आहेत.) एका पिशवीत सेवापुस्तिकेची झेरॉक्स, रजेचे अर्ज, जनगणनेच्या ड्यूटीचा आदेश आणि जुनी पासबुकं होती. दुसरीत गावातल्या साठ-सत्तर माणसांच्या सह्यांचं पत्र होतं, ‘सर असे नाहीत’ असं. दुसरी पिशवी मी त्यांना तिथल्या तिथं परत दिली. पुढची तीन वर्षं खटला चालला तो पहिल्या पिशवीवर.

मी सोलापूरच्या कोर्टात फौजदारी कामं चालवते, आणि दोन्ही बाजूंची घेते. लहानपणी घरातल्याच माणसानं छळलेली आणि पंधरा वर्षांनी तोंड उघडलेली मुलगी मी पाहिली आहे. आरोप होताच नोकरी, घर आणि झोप गमावलेला माणूसही पाहिलाय. उशिरा आलेली तक्रार खोटीच असते असं मानून कुणी हा लेख वाचत असेल, तर त्याचा बचाव इथेच फसतो. कोर्ट तसं मानत नाही.

आधी वकिलाला खरं सांगा. वकिलाला सांगितलेली गोष्ट भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ प्रमाणे गोपनीय राहते. घडलंय तेही सांगा, अर्धवट घडलंय तेही सांगा. खरं कळल्यावर मी खोटी कहाणी कोर्टात उभी करणार नाही, पण सरकार पक्षाचा पुरावा कायद्याच्या कसोटीला उतरतो का हे तपासणं माझं कामच आहे आणि तो आरोपीचा हक्क आहे. अशिलानं लपवलेली गोष्ट उलटतपासणीच्या मध्यावर बाहेर आली, की मग कुणाच्याच हातात काही उरत नाही.

पहिले दोन दिवस

तक्रार झाल्याचं कळलं की घरातलं कुणीतरी पहिल्यांदा म्हणतं, ‘तिच्या वडिलांशी बोलून घेऊ.’ आपल्याकडे समाजाचे पंच असतात, गल्लीतले वडीलधारे असतात, नगरसेवक असतो. बैठक बसवायची तयारी होते. ही बैठक अजिबात बसवू नका. फिर्यादीला फोन नको, मेसेज नको, मधला माणूसही नको. ‘काही चुकलं असेल तर माफ कर’ हा व्हॉट्सअॅपवरचा एक मेसेज दोषारोपपत्राला जोडलेला मी वाचलाय. पाठवणाऱ्याच्या मनात तो फक्त नम्रपणा होता. साक्ष बदलण्यासाठी धमकावणं हा तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २३२ खाली वेगळाच गुन्हा आहे, आणि जामीन रद्द होण्याचं ते सगळ्यात सोपं कारण.

दुसरी गोष्ट मी रागानं सांगते, कारण दर वेळी होते. आरोपीचे भाऊ किंवा मित्र गावाच्या ग्रुपवर मुलीचं नाव, फोटो, नाहीतर ‘अमक्याची सून’ असं टाकतात. पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे: न्याय संहितेचं कलम ७२, आधीचं भारतीय दंड विधानाचं २२८-अ, दोन वर्षांपर्यंत कैद. अल्पवयीन असेल तर पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या खास कायद्याचं, कलम २३. एका आरोपीसाठी अख्खं घर आरोपी होऊ नका.

मोबाइल, जुना लॅपटॉप, ईमेल, काहीही पुसू नका. पुसलेलं बहुधा परत काढता येतं. नाही आलं तरी ‘का पुसलं’ हा प्रश्न उरतो.

एफआयआर ऑनलाइन शोधत बसू नका. लैंगिक गुन्ह्यांचे एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या निर्देशांतच तशी सूट आहे. प्रत पोलीस ठाण्यात किंवा कोर्टात रीतसर अर्ज करून मिळते. गुन्हा पुण्यात किंवा हैदराबादेत नोंदवून तुमच्याकडे वर्ग झालेला असू शकतो, कारण हद्दीबाहेरच्या ठाण्यालाही शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवावाच लागतो. म्हणून आधी तपास कुठं आहे ते पक्कं करा: सोलापूर शहर आयुक्तालयाकडे, की ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे.

आणि एक वही घ्या. वरती ‘वकिलांसाठी’ असं लिहा. ज्या काळातला आरोप आहे त्या काळात तुम्ही कुठं राहत होता, कामाची वेळ काय, घरात कोण कोण होतं, फिर्यादीशी नातं काय, वाद होता का, हे आठवेल तसं लिहा. आठवत नाही तिथं ‘आठवत नाही’ असंच लिहा.

तारखेवरून कायदा ठरतो

जुन्या प्रकरणात सगळ्यात आधी घटनेची तारीख बघायची. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(१) प्रमाणे कृत्य घडलं तेव्हा जो कायदा होता त्याखालीच शिक्षा होते, नंतर वाढवलेली शिक्षा मागे जाऊन लावता येत नाही. त्यामुळे चार तारखा पाठ करा.

पॉक्सो १४ नोव्हेंबर २०१२ ला अमलात आला. त्याआधीच्या घटनेला तो लागत नाही, मग मूल कितीही लहान असो. तेव्हा मुलांवरच्या अत्याचारासाठी दंड विधानाचं ३७७ (अनैसर्गिक संभोग), मुलींसाठी ३७६ (बलात्कार) आणि ३५४ (विनयभंग) ही कलमं होती. दुसरी तारीख ३ फेब्रुवारी २०१३. त्या दिवसापासून बलात्काराची व्याख्या रुंदावली, संमतीचं वय सोळाचं अठरा झालं आणि ३५४ ची शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती ती एक ते पाच वर्षं झाली. तिसरी, २०१८ आणि २०१९ च्या दुरुस्त्या, ज्यांनी किमान शिक्षा वाढवल्या. चौथी १ जुलै २०२४. त्यानंतरच्या कृत्यांना न्याय संहिता लागते. गुन्हा आज नोंदवला तरी जुन्या कृत्याचं कलम दंड विधानाचंच असतं, फक्त तपासाची आणि खटल्याची पद्धत नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे चालते.

मुदतीचा मुद्दा इथूनच निघतो. तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला मुदतच नाही. त्यामुळे बलात्काराची किंवा पॉक्सोच्या बहुतेक गंभीर कलमांची तक्रार कधीही होऊ शकते, आणि बाल लैंगिक अत्याचाराच्या तक्रारीला वेळेचं बंधन नाही हे केंद्र सरकारनं २०१८ मध्ये जाहीरही केलं होतं. पण २०१० मधल्या विनयभंगाला तेव्हाच्या ३५४ प्रमाणे शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती, म्हणजे दखल घेण्याची मुदत तीन वर्षं. हा मुद्दा पोलीस सांगत नाहीत, तो आपल्यालाच मांडावा लागतो. त्यालाही दोन वाटा फुटतात. न्यायहितासाठी कोर्ट उशीर माफ करू शकतं. आणि अनेक गुन्हे एकत्र चालत असतील तर मुदत सगळ्यात जड शिक्षेच्या गुन्ह्यावरून मोजली जाते. त्या शिक्षकांवर पाच प्रसंगांचे आरोप होते, दोन नोव्हेंबर २०१२ च्या आधीचे, तीन नंतरचे. दोषारोपपत्रात पाचही पॉक्सोखाली घातले होते. पहिले दोन वेगळे काढायलाच आम्हाला कोर्टाच्या दोन तारखा लागल्या.

अजून एक गोष्ट बऱ्याचदा सुटते. आज पस्तिशीचा असलेला आरोपी घटनेच्या दिवशी सतरा वर्षांचा होता का? असेल तर तो बाल न्याय अधिनियमाप्रमाणे बालक ठरतो आणि प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. हा दावा कोणत्याही टप्प्यावर, शिक्षा लागल्यावरही करता येतो. वयासाठी आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला पाहतात, तो नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तर वैद्यकीय चाचणी.

नोटीस, अटक, जामीन

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस सहसा आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस देतात. नोटीस घ्या, पोच द्या, ठरल्या वेळी हजर राहा. गैरहजर राहिलात तर अटकेचं कारण तुम्हीच पुरवलं. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं. जबाबावर सही करायची नसते, पोलिसांसमोरचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही, आणि स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती करता येत नाही. ‘सगळं सांगून टाकतो म्हणजे सुटेन’ या आशेवर तासभर बोललेली माणसं पुढं त्याच वाक्यांना अडकतात. नाव, पत्ता, ओळख नीट सांगा. घटनेबद्दल ‘वकिलांशी बोलून सांगतो’ इतकं शांतपणे म्हणा.

अटक झालीच तर कारण सांगितलं पाहिजे, घरच्यांना कळवलं पाहिजे आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं पाहिजे. कोठडीतल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन करा.

अटकपूर्व जामिनाचा अर्ज सेशन्स कोर्टात करायचा. तिथे फेटाळला तर हायकोर्टात, आणि इथं सोलापूरकरांसाठी मोठा बदल झालाय. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालं आणि सोलापूर जिल्हा त्याच्या अखत्यारीत आला. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्र काढून मुंबईला जाणं, तारीख पडली की परत फिरणं, हा फेरा आता कोल्हापूरच्या रस्त्यावर आलाय. जुन्या प्रकरणात जामिनासाठी सांगण्यासारखं खूप असतं: इतक्या वर्षांनी जप्त करायला काही उरलेलं नाही, माणूस त्याच पत्त्यावर राहतो, नोटिशीला हजर राहिला, फिर्यादीच्या गल्लीत जाणार नाही अशी अट मान्य आहे. मात्र सोळा वर्षांखालच्या मुलीवरच्या बलात्काराच्या कलमांत (२१ एप्रिल २०१८ पासूनची) अटकपूर्व जामिनाचं दार कायद्यानंच बंद केलंय. त्याआधीच्या घटनेला पोलिसांनी चुकून ती कलमं लावली असतील तर पहिला वाद तोच.

कागद

आता मुख्य काम. जुन्या प्रकरणात वैद्यकीय पुरावा बहुधा नसतो, मूल जन्माला आलं असेल तर डीएनएची गोष्ट वेगळी. मोबाइलचे कॉल रेकॉर्ड कंपन्यांनी दोन वर्षं जपायचे असतात, त्यापलीकडचे मिळत नाहीत. उरतात ते कागद, आणि सोलापुरात कागद सापडतात.

कारखान्यात असाल तर यंत्रमागाचा हजेरीपट, पगारपत्रक, पीएफचा उतारा. शाळेत असाल तर शिक्षक हजेरी, रजा नोंदवही, त्या वर्षीचं वेळापत्रक, फिर्यादीच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद: कोणत्या वर्षी कोणत्या इयत्तेत, कोणत्या तुकडीत. घराचा प्रश्न असेल तर सिटी सर्व्हे उतारा, महापालिकेची कर पावती, वीजबिल, भाडेकरार. ‘माडीवरच्या खोलीत’ असा आरोप असेल तर माडी कधी चढली हे घरपट्टीवरून कळतं. घरातले जुने फोटो काढा, पण त्यांच्या मागे आज नव्यानं काही लिहू नका.

जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित संस्थेच्या कागदांसाठी माहिती अधिकार वापरा. तीस दिवसांत उत्तर यावं लागतं. जे दुसऱ्याच्या ताब्यात आहे आणि मिळत नाही, त्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली कोर्टाकडून हजर करवून घेता येतं. हे लवकर करा. शाळा जुने दप्तर निर्लेखित करतात, कारखाने बंद पडतात, हजेरीपट रद्दीत जातात. पेनड्राइव्हमधले फोटो, चॅट, ईमेल द्यायचे असतील तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर खरा फोटोही पुराव्यात येत नाही.

त्या शिक्षकांच्या पिशवीत २०११ च्या जनगणनेचा आदेश होता. ९ ते २८ फेब्रुवारी हा मोजणीचा काळ. एक आरोप नेमका त्या दिवसांतल्या दुपारचा होता आणि सर तेव्हा दुसऱ्या गावात घरोघर फिरत होते, तिथल्या पर्यवेक्षकाच्या सहीचा तक्ता होता. २०१३ च्या उन्हाळ्यातल्या एका प्रसंगाला प्रशिक्षणाचं हजेरीपत्रक मिळालं. पाचांतल्या दोन प्रसंगांना उत्तर सापडलं. सरांची मुलं म्हणाली, ‘मॅडम, म्हणजे पाचही खोटे.’ नाही. उरलेल्या तीन दिवसांना आमच्याकडे कागद नव्हता, आणि कोर्टात मी तसा दावा केलाही नाही. आपण दुसरीकडे होतो हे आरोपीलाच सिद्ध करावं लागतं. ते अर्धवट मांडलं आणि कोसळलं की खऱ्या दोन कागदांवरचाही विश्वास जातो.

शेजाऱ्यांचे आणि गावकऱ्यांचे दाखले मी का परत करते ते आता कळलं असेल. माणूस चांगला असणं आणि तो त्या दुपारी कुठं होता, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उशीर

उशीर हा बचावाचा मुद्दा आहे, बचाव नव्हे. १९९६ च्या पंजाब सरकार विरुद्ध गुरमित सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की पीडितेची एकटीची साक्ष विश्वासार्ह असेल तर तेवढ्यावर शिक्षा होऊ शकते, आणि लैंगिक गुन्ह्यात तक्रारीला उशीर होण्याची कारणं समजून घ्यावीत. म्हणून ‘पंधरा वर्षं गप्प का बसली?’ असं वीस वेळा विचारणारा वकील न्यायाधीशांना फक्त चिडवतो. दुसरीकडे, २०१२ च्या राय संदीप निकालात ‘अव्वल दर्जाचा साक्षीदार’ कसा असतो ते सांगितलंय: पहिल्या जबाबापासून शेवटच्या शब्दापर्यंत तीच हकिकत, ठाम आणि नैसर्गिक. आपलं काम या दोन निकालांच्या मध्ये असतं.

उशिरातला ठोस भाग शोधा. तक्रारीच्या आधी फिर्यादीनं कुणाला काय सांगितलं? पहिला जबाब, मॅजिस्ट्रेटपुढचा जबाब, डॉक्टरांना सांगितलेली हकिकत, यांत कोणती गोष्ट पहिल्यांदा केव्हा आली? मालमत्तेचा दावा, घटस्फोट, संस्थेतला वाद यांची तारीख तक्रारीच्या तारखेशेजारी ठेवा. शेजारी पडल्या म्हणून सिद्ध झालं असं नाही, पण विचारण्यासारखा प्रश्न तयार होतो. वर्षानुवर्षांचे संबंध आणि मग लग्नाच्या आमिषाची तक्रार, असं असेल तर सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात केलेला भेद वापरा: वचन देतानाच फसवायचा इरादा होता, की वचन पुढं पाळता आलं नाही?

पॉक्सोत कलम २९ चं गृहीतक आरोपीविरुद्ध असतं, म्हणजे गुन्हा त्यानंच केला असं कोर्ट धरून चालतं. पण मूळ घटनेचा पाया सरकार पक्षानं आधी घालायचा असतो. ‘आता सगळं तुम्हीच सिद्ध करा’ असं कुणी म्हटलं तर हे लक्षात ठेवा.

उलटतपासणी आणि आपल्या तीन भाषा

सोलापुरात घरात तेलुगू, बाजारात मराठी, नात्यात कन्नड हे रोजचं. फिर्याद मात्र मराठीत लिहिली जाते. एका प्रकरणात मुलीनं तेलुगूत सांगितलेला शब्द होता ‘पट्टुकुन्नाडु’. ठाण्यात दुभाषी म्हणून तिची मावशी बसली होती. मराठीत उतरलं, ‘मिठी मारून दाबून धरले.’ कोर्टात वाचून दाखवल्यावर मुलगी स्वतःच म्हणाली, ‘मी हात धरला असं सांगितलं होतं.’ ती खोटं बोलत नव्हती. कागद चुकला होता. त्या एका शब्दानं कलम बदललं. म्हणून जबाब कुणी भाषांतरित केला, दुभाष्याची सही आहे का, फिर्यादीला तिच्या भाषेत वाचून दाखवला का, हे तपासल्याशिवाय प्रश्नावली लिहू नका. हाच हक्क आरोपीचाही: त्याला कळत नसलेल्या भाषेतली साक्ष त्याला समजावून सांगावी लागते.

विसंगती मांडायची तर साक्षीदाराला जबाबातला नेमका मजकूर दाखवावा लागतो, आणि पुढं तपास अधिकाऱ्याच्या साक्षीत तो सिद्ध करावा लागतो. हे दुसरं पाऊल विसरलं की पहिल्याचा उपयोग नाही. तारीख दोन दिवसांनी चुकणं, साडीचा रंग चुकणं यांवर वेळ घालवू नका. बारा वर्षांनंतर तुम्हालाही आठवणार नाही.

फिर्यादीच्या चारित्र्यावर, आधीच्या संबंधांवर प्रश्न कायद्यानं बंद आहेत, आणि मी ते बंद नसते तरी विचारले नसते. पॉक्सोत बालसाक्षीदाराला प्रश्न न्यायाधीशांमार्फत जातात. सुनावणी बंद दाराआड होते. नातेवाईकांची गर्दी आणू नका.

सरकार पक्षाचा पुरावा संपल्यावर आरोपीचा जबाब होतो, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५१. ‘खोटं आहे’ एवढंच प्रत्येक प्रश्नाला म्हणू नका. जिथं कागद आहे तिथं त्याचा उल्लेख करा.

बाकीचं थोडक्यात. मॅजिस्ट्रेटनं केस सेशन्सला पाठवल्यापासून (कमिट झाल्यापासून) साठ दिवसांत दोषमुक्तीचा, म्हणजे आरोप ठेवण्याआधीच सोडण्याचा, अर्ज करता येतो. पुरावा वरवरही उभा राहत नसेल तर तो जरूर करा. गुन्हा रद्द करायचा अर्ज कोल्हापूरला, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली, पण ‘आपसात मिटलं’ एवढ्याच कारणावर बलात्कार किंवा पॉक्सो सहसा रद्द होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये एका शिक्षकाच्या प्रकरणात पुन्हा बजावलं. सरकारी नोकर अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला की निलंबित मानला जातो. निर्वाह भत्त्याचा अर्ज तेव्हाच करा. शाळा किंवा संस्था चालवत असाल आणि तुमच्या माणसावर आरोप आला, तर दाबू नका. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे.

शिक्षा झाली तर हायकोर्टात अपिलाला साठ दिवस. निर्दोष सुटलात तरी फिर्यादीला आणि सरकारला अपील करता येतं. त्यामुळे निकालाच्या दिवशी पेढे वाटून कागद माळ्यावर टाकू नका. प्रमाणित प्रत घ्या आणि सगळं एका ठिकाणी ठेवा. त्या शिक्षकांना दोन आरोपांतून सोडलं, उरलेल्या तिन्हींत शिक्षा झाली. अपील आता कोल्हापुरात आहे. जनगणनेचा तो पिवळा पडलेला आदेश कोर्टाच्या दप्तरातून तिकडे गेला. झेरॉक्सची पिशवी अजून माझ्या कपाटात आहे.